विसावी खुर्ची

सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारी यादी लागते.
आम्ही एकशे अकरावे.
गेल्या वर्षी अठ्ठ्याण्णव.

मधल्या बारा महिन्यांत काय झालं म्हणाल, तर
ग्रंथालयाचं छप्पर गळायचं थांबलं,
रसायनशास्त्राच्या ओल्सगार्ड बाई निवृत्त झाल्या,
तळ्याकाठचा एक मेपल वीज पडून गेला.
यातल्या कशामुळे आपण तेरा पायऱ्या उतरलो
हे अध्यक्षांना हवंय,
शुक्रवारी चारपर्यंत, एका पानावर.

मी आकडे पाठवते. बावीस वर्षं हेच काम.
मिनेसोटातल्या या एवढ्याशा गावात
दुकानात, चर्चच्या पायरीवर, पोस्टात
लोक हवामान विचारावं तसं विचारतात,
"यंदा कसं काय, सोल्वेग?"
जणू गारा मीच पाडते.

आता खरं सांगते.
वर्गात वीसपेक्षा कमी मुलं असली की गुण मिळतात.
म्हणून आमच्या वर्गांत एकोणीस खुर्च्या.
विसावी बाहेर, कॉरिडॉरमध्ये,
भिंतीकडे तोंड करून,
शिक्षा झाल्यासारखी.
हे सुचवलं कोणी?
मीच.
त्या वर्षी आम्ही नऊ पायऱ्या चढलो
आणि डीननी केक आणला होता, लिंबाचा.

त्याच वर्षी संख्याशास्त्राच्या वर्गासाठी
माय न्या लोर विसावी होती.
"पुढच्या सत्रात बघू," मी म्हटलं.
पुढच्या सत्रात तिच्या वडिलांचं डायलिसिस सुरू झालं,
त्याच्या पुढच्यात टर्कीच्या कारखान्यात
आईच्या जागी रात्रपाळी.
ती गेली. आली. पुन्हा गेली.
सातव्या वर्षी पदवी घेतली तेव्हा
घरच्यांनी तीन रांगा अडवल्या होत्या,
आणि आजीच्या ह्मोंग पोशाखावरच्या चांदीच्या नाण्यांची किणकिण
पाहुण्यांच्या भाषणभर ऐकू येत राहिली.

यादी सहाच वर्षं मोजते.
यादीच्या लेखी माय न्या लोर हिने शिक्षण सोडलं.
तो रकाना मी माझ्या हाताने भरला.

गुरुवारी सभा झाली.
इतिहासाचे क्विगली टेबलावर मूठ आपटून म्हणाले,
"आकडे पाठवूच नका! माणसं काय तराजूत घालायची असतात?"
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.
(मनात आलं, दर डिसेंबरात
तुम्ही निबंधावर 'ब उणे' लिहिता, क्विगली,
ते उणे कुठल्या तराजूत भरतं?)

माय न्या आता आमच्याच प्रवेश कार्यालयात असते.
मागे उभी होती. टाळ्या संपेपर्यंत थांबली.
"आमच्या घरात कॉलेज पाहिलेलं कोणी नव्हतं.
तुमच्या मुलांना मामा असतो, आत्या असते,
जेवता जेवता नावं कानावर पडतात.
मला वाचनालयातली जुनी यादी होती,
कोपरे दुमडलेली, कोणीतरी कॉफी सांडलेली.
तेव्हा तुम्ही पहिल्या पानावर होतात.
दुसऱ्यावर असतात तर
मी पान उलटलंही नसतं."

कोणीतरी खोकलं.

"खोटं बोलते ती, मला माहीत आहे," ती म्हणाली.
"पण माझ्याशी बोलणारी तेव्हा ती एकटीच होती."
आणि खाली बसायला खुर्ची नव्हती म्हणून
उभीच राहिली.

अध्यक्षांच्या पानावर मी लिहिलं:
छप्पर आता गळत नाही.
मग ते खोडून त्यांना हवं होतं ते लिहिलं,
माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या, टक्के, दशांश चिन्ह.

संध्याकाळी इमारत रिकामी झाल्यावर
कॉरिडॉरमधली एक खुर्ची उचलली,
आत नेऊन ठेवली, शेवटच्या रांगेत, खिडकीशी.
जड नव्हती मुळीच.

सकाळी पाहिलं तर पुन्हा बाहेर.
सफाईवाल्या तरुणाने नियम पाळला होता.
नियम दारामागेच चिकटवलेला,
टोकं पिवळी पडलेला,
खाली सही माझी.